आईला सांभाळताना हरिपाठ सुटला. परंपरेतून बळ कसे मिळवावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी माझ्या आईला सांभाळते आहे. तिचे वय ८१ असून तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. वडील आठ वर्षांपूर्वी गेले. थोरला भाऊ कुटुंबासह पुण्यात असतो आणि धाकटा परदेशी. दोघेही पैशाची अडचण कधी पडू देत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. घरात आई, मी आणि सकाळी दोन तासांसाठी येणाऱ्या एक मदतनीस बाई, एवढीच माणसे.

दिवस कसाबसा निघतो, पण खरी कसोटी तिन्हीसांजेला लागते. उन्हे उतरली की आई कपाटातली दोन लुगडी, एक वाटी आणि देवघरातले टाळ एका चादरीत बांधते, ते बोचके काखेत मारून दाराशी उभी राहते आणि "मला आमच्या घरी जायचंय, आई वाट बघत असेल" असे म्हणत कडी ओढू लागते. ज्या घरात ती ५९ वर्षे नांदली, त्याच घराच्या दारात उभी राहून ती हे म्हणते. संध्याकाळी गोंधळ वाढणे हे या आजाराचे लक्षणच आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे आणि मला ते पटलेही आहे. तरीही रोज त्या वेळी पोटात खड्डा पडतो.

आमचे घर वारकऱ्यांचे. वडिलांच्या गळ्यात माळ होती. गावच्या दिंडीतून ते माउलींच्या पालखीबरोबर चालत आणि त्यांच्या मागोमाग मीही ११ वर्षे आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. रोज दिवा लागला की घरात हरिपाठ होत असे. आता नेमक्या त्याच वेळी मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी असते. वारी सुटली, हरिपाठ सुटला, राहिली ती फक्त एकादशी. गेल्या महिन्यात आईबरोबर रात्रभर जागून मी दुसऱ्या दिवशी उपास धरला आणि न्हाणीघरात तिला आंघोळ घालता घालता मला घेरी आली. मी भिंतीला धरून खाली बसले. आईला काही लागले नाही, ही पांडुरंगाचीच कृपा म्हणायची.

नातेवाईक म्हणतात, "आईची सेवा हीच तुझी वारी." हे वाक्य खोटे आहे असे मला म्हणायचे नाही, पण ते ऐकले की बळ येण्याऐवजी कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखे वाटते. कधी आईवर आवाज चढतो, मग रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहते. ज्या परंपरेत मी वाढले तिच्यात दुःख पेलण्याची मोठी ताकद आहे हे मी वारीत डोळ्यांनी पाहिलेले आहे. मग ती ताकद आता, जेव्हा सर्वांत जास्त गरज आहे तेव्हा, माझ्यापर्यंत का पोहोचत नाही? आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या माणसाची दीर्घकाळ शुश्रूषा केली आहे, त्यांनी आपापल्या परंपरेतले काय धरून ठेवले आणि काय सोडून दिले, हे कृपा करून सविस्तर सांगावे.

विणेकरी

ताई, माझे वय ६९. माझ्या पत्नीला २०१५ साली अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची सहा वर्षे ती अंथरुणावर होती. म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

आधी एकादशीविषयी. "आतुरे नियमो नास्ति" असे जुने वचन आहे. आतुर म्हणजे रुग्ण. त्याला नियम लागू नाही. जो रात्रभर जागतो आणि दिवसा दुसऱ्याच्या देहाचा भार उचलतो, तोही त्याच पंक्तीत बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी न्हाणीघरात आपण दोघीही पडला असता तर ती एकादशी कुणाच्या खात्यावर जमा झाली असती? उपास सोडा. एखादे तुळशीचे पान तोंडात घालून नेहमीचे दोन घास जेवा आणि मनात शंका ठेवू नका.

वारीविषयी आपल्याला सावता महाराजांची आठवण करून देतो. ते अरणला मळ्यात राबत राहिले, पंढरीला गेले नाहीत, असे आपण सगळे ऐकत आलो आहोत. इतर संतांच्या पालख्या पंढरपुराकडे जातात, पण पांडुरंगाची पालखी मात्र सावता महाराजांच्या भेटीसाठी अरणला येते. ज्याला जागा सोडता येत नाही त्याच्याकडे देवानेच जायचे असते, ही समज संप्रदायात इतकी जुनी आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन हे सगळे आपल्याला ठाऊकच असेल, पण आपण विण्याकडे लक्ष देऊन पाहिले आहे का? सप्ताह उभा राहिल्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंत सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता मंडपात कुत्रेसुद्धा जागे नसते, तेव्हाही कुणीतरी एक जण वीणा गळ्यात घेऊन उभा असतो. पण हा एक जण सात दिवस तोच नसतो! मंदिराच्या भिंतीवर फळा असतो आणि त्यावर खडूने पहारे लिहिलेले असतात: दोन-दोन तासांचा एक पहारा आणि त्यापुढे नाव. पहारा बदलताना येणारा आधी विण्याला नमस्कार करतो, मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि पहिला घरी जाऊन झोपतो. झोपायला गेला म्हणून त्याची भक्ती कमी पडली असे आजवर कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

हे मी लहानपणापासून पाहत होतो, स्वतः कित्येक पहारे दिले होते, आणि तरीही पत्नीच्या आजारपणात पहिली दोन वर्षे मी एकटाच उभा राहिलो. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावे लागे, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. रात्री अकरा, एक, तीन, पाच असा गजर लावून मी उठत असे. शेवटी माझी कंबर गेली आणि डॉक्टरांनी वजन उचलण्यास बंदी केली. भजनी मंडळातले एक पखवाजवादक भेटायला आले. त्यांना मी रडत रडत सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "पुढचा पहारा कुणाचा?" मला उत्तर देता आले नाही. फळ्यावर दुसरे नावच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाची जुनी पाटी आणून आमच्या ओटीवर टांगली. दुपारी चार ते सहा त्यांचा पहारा, मंगळवारी आणि शुक्रवारी. शेजारचे एक निवृत्त कंडक्टर रोज सकाळी सात ते नऊ. माझी पुतणी शनिवारची रात्र. बाकीचे सगळे माझेच राहिले, तेव्हा आठवड्याच्या हिशेबात हा वाटा फार मोठा नव्हता, पण शनिवारी रात्री मी दुसऱ्या खोलीत सलग सहा तास झोपलो आणि रविवारी सकाळी पत्नीच्या तोंडात पेजेचा चमचा घालताना किती दिवसांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिले.

एक बारीक गोष्ट सांगतो. लोक भेटायला येतात, चहा घेतात, हळहळतात आणि जातात. त्यांच्यामुळे आपले काम वाढते. पहारा द्यायला आलेला माणूस वेगळा असतो. त्याला आम्ही निघताना पाटीवर लिहून देत असू: शेवटचे औषध कोणते दिले, पाणी किती प्यायली, कोणत्या कुशीवर आहे, पुढे कधी वळवायचे. आणि विण्यासारखाच एकमेकांना नमस्कार करत असू. तो नमस्कार पहिल्या दिवशी अवघडल्यासारखा वाटला, मग मात्र त्याच्याशिवाय पहारा बदलला असे वाटेना.

आपले थोरले बंधू पुण्यात आहेत. पैसे येतात ही चांगली गोष्ट आहे, पण फळ्यावर त्यांचे नाव कुठे आहे, हे त्यांना विचारा.

मावळतीची ओवी

कृष्णाकाठ ताई, तुमच्या "बाहेरून कडी घातल्यासारखे" या शब्दांपाशी मी थांबले. मी सासूबाईंचे सहा वर्षे केले. शेवटची तीन वर्षे त्यांची वाचा गेलेली होती. "पुण्य लागतं गं बाई" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की पुण्य हा शब्द पुढे कित्येक दिवस मला सहन होत नव्हता. विणेकरी काकांनी पाटीचा मार्ग सांगितला तो फार चांगला आहे, पण एक गोष्ट त्यांच्याही ध्यानात आणून द्यावीशी वाटते. बाईने पहारे वाटायला काढले की तिला कामचुकार म्हणतात. माझ्या सासरी म्हटले गेले. तेव्हा पाटी टांगण्याआधी मनात राग येऊ देण्याची परवानगी स्वतःला द्यावी लागते, आणि ती परवानगी मला परंपरेनेच दिली.

पुंडलिकाची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. तो आईवडिलांची सेवा करत होता, देव दाराशी आला, त्याने वीट फेकली आणि देव विटेवर उभा राहिला. या कथेचा पहिला भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. हाच पुंडलिक आधी आईवडिलांना छळत होता, काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग तो बदलला. आईवर आवाज चढला म्हणून रात्रभर लाजणाऱ्या लेकीने हा पहिला भाग विसरू नये. आपण ज्याच्या नावाने "पुंडलिक वरदे" म्हणत विठ्ठलाच्याही आधी जयघोष करतो, चंद्रभागेत आंघोळ करून ज्याचे दर्शन आधी घेतो, तो चुकलेला माणूस होता.

तरीही खरे सांगायचे तर पुंडलिकापेक्षा मला जनाबाई जवळची वाटली. पुंडलिकाच्या कथेत देव उभा राहतो आणि वाट पाहतो. जनीच्या अभंगात तो वाट पाहत नाही. "झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी." जनी झाडते आणि देव केर भरतो, ती दळायला बसली की तो खुंट्याला हात लावतो. घरात दुखणे असलेल्या बाईला उंबऱ्यावर उभे राहून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, तिला केर भरणारा हवा असतो. आणि हीच जनी जेव्हा रागावते तेव्हा "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" अशी थेट देवाला शिवी घालते. तो अभंग सातशे वर्षे लोकांनी जपला, गायला, गाळून टाकला नाही. मग मी स्वयंपाकघरात भांडी आपटत देवाशी भांडले तर ते परंपरेच्या बाहेरचे कसे?

मला ज्याने तारले ती ओवी. माझे माहेर मुळशीकडचे. आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा माझे डोके तिच्या मांडीवर असायचे, हे मला अजून आठवते. आमच्या भागातल्या आणि महाराष्ट्रभरच्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर आहे आणि तिथे त्या बायकांचे आवाजही ऐकता येतात. ऐकून पाहा. देवाचे नाव त्यांत आहेच, पण सासर, माहेर, भाऊ न येणे, हात दुखणे, हेही सगळे त्यांत आहे. दळण एकटीचे असते, पण जात्याशी बोलायला मिळते आणि समोर दुसरी बाई बसली तर भारही निम्मा होतो.

माझ्याकडे जाते नव्हते. सासूबाईंचे अंग पुसताना मी गुणगुणू लागले आणि शब्द आपोआप जुळत गेले. एक दोन ओळी इथे देते, त्या माझ्याच आहेत:

पाठीला लावू तेल, अंगाला ऊन पाणी,
सासू माझी मुकी झाली, बोलते मी तिच्यावाणी.

यात काव्य काही नाही. पण त्या ओळी म्हणताना हात आपोआप संथ पडत, आणि हात संथ पडले की त्यांचे आखडलेले अंग सैल होई. वाचा गेलेल्या माणसाला हाताची घाई सगळ्यात आधी कळते, हे मी तेव्हा शिकले. हरिपाठाला बसायला वेळ नाही म्हणता, तर बसू नका. वेणी घालताना एक चरण, नखे काढताना दुसरा.

वर्षावास

मी नागपूरकडची, सरकारी रुग्णालयात २६ वर्षे परिचारिका म्हणून काम केले. आमचे घर बौद्ध आहे. इथे सर्वांनी वारकरी संप्रदायातले लिहिले आहे. माझ्या परंपरेतली एक गोष्ट सांगते, ती आपल्याला परकी वाटणार नाही.

विनयपिटक हा भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, त्याच्या महावग्ग या भागात एका भिक्खूची हकिकत आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. बुद्ध आपला शिष्य आनंद याच्यासह विहारात फिरत असताना तिथे पोहोचले आणि त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कुणी नाही का? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोके धरले, दुसऱ्याने पाय, आणि दोघांनी मिळून त्याला खाटेवर ठेवले. त्यानंतर संघाला बोलावून बुद्ध म्हणाले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची करावी. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, आमच्या विहारात हे वाचले जाई, तेव्हा मी नेहमी त्या दोन माणसांच्या उचलण्याकडे लक्ष देत असे. एका माणसाने आजारी देह उचलू नये, दोघांनी उचलावा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात.

त्याच ठिकाणी पुढे चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय सोसते आणि काय नाही हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मल-मूत्र-थुंकी-ओकारी यांची किळस धरू नये आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. याच जोडीला ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रुग्णाचीही लक्षणे दिली आहेत: तो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, दुखणे नीट सांगत नाही, वेदना सोसू शकत नाही. ताई, काही रुग्णांना सांभाळणे खरोखरच कठीण असते, हे इतक्या जुन्या ग्रंथाने कुणालाही दोष न देता मान्य केले आहे. आपली आई यातले काहीही मुद्दाम करत नाही आणि आपणही कमी पडत नाही. काम अवघड आहे.

आता परिचारिका म्हणून थोडे. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधीच घरातले सगळे दिवे लावा आणि पडदे ओढून घ्या. सावल्या लांब झाल्या की अशा रुग्णांची भीती वाढते. "हेच तुझे घर आहे" असे समजावत बसू नका, त्याने वाद वाढतो. "जाऊ या, आधी हरिपाठ म्हणू, मग निघू" असे म्हणून पाहा. स्मृती गेली तरी लहानपणापासून तोंडात बसलेली गाणी आणि लय पुष्कळ काळ टिकून राहते, हे मी वॉर्डात अनेकदा पाहिले आहे. बोचक्यात त्या टाळ बांधतात असे आपण लिहिले आहे. ते टाळ त्यांच्या हातात द्या.

तेलाचा दिवा, कापूर आणि उदबत्ती मात्र त्यांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. एखाद्या दिवशी गोंधळ अचानक फारच वाढला, तर आजार वाढला असे गृहीत धरू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा सांगता न येणारे दुखणे यांमुळेही तसे होते, म्हणून डॉक्टरांना दाखवा. आणि स्वतःचे मन फार खचले तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. या क्रमांकांना फोन करणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे समजू नये. त्या विहारात बुद्धांनीही आनंदाला हाक मारलीच होती.

न्यू जर्सीकर

मी दूर असलेला मुलगा आहे, म्हणजे आपल्या धाकट्या बंधूंच्या जागी. माझे वडील सांगलीत बहिणीकडे आहेत. पैसे पाठवून आपला वाटा उचलला असे मला पाच वर्षे वाटत होते, आणि हा धागा वाचून आज लाज वाटली म्हणून लिहितो.

आम्ही अलीकडे एक करतो. तिकडची संध्याकाळ ही माझी सकाळ असते. कामाला बसण्याआधी मी फोन लावतो आणि पंधरा मिनिटे मनाचे श्लोक म्हणतो, वडील मागे म्हणतात. पडद्यावर चेहरा दिसला की ते गोंधळतात आणि फोनच्या मागे मला शोधू लागतात, म्हणून आता फक्त आवाज असतो. तेवढ्या वेळात बहीण गच्चीवर जाऊन एकटी बसते. पंधरा मिनिटे फारच थोडी आहेत, हे मला कळते. या वर्षीपासून मी माझ्या रजेतले तीन आठवडे त्या घरी राहून बहिणीला बाहेर पाठवणार आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते. आज अठरा दिवस झाले.

वर्षावास ताईंनी सांगितल्याप्रमाणे साडेपाचलाच दिवे लावते. पहिल्या दिवशी आई बोचके घेऊन दाराशी आली तेव्हा मी ते सोडले आणि टाळ तिच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, दोरी बोटाला गुंडाळली आणि मी "देवाचिये द्वारी" म्हणताच तिने ठेका धरला. पुढचे शब्द तिला आठवत नव्हते, पण चरण कुठे संपतो ते तिला अचूक कळत होते आणि तिथे तिचा टाळ थांबत होता. तीन अभंग झाले. मग ती पुन्हा उठलीच आणि कडीकडे गेली. म्हणजे रोज जमते असे नाही; अठरापैकी दहा-अकरा संध्याकाळी जमले. पण ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशीही आता मी तिच्याबरोबर दाराशी उभी राहून तोंडाने म्हणत असते, त्यामुळे कडीवरचा हात पूर्वीइतका थरथरत नाही.

गेल्या एकादशीला मी जेवले. ताटावर बसताना डोळ्यांत पाणी आले, पण जेवले.

पाटीचे सर्वांत अवघड गेले. मावळतीची ओवी ताईंनी लिहिले तसे ऐकावे लागलेच. एका मावशींनी "आईचे करायचे तर पाळ्या कसल्या लावतेस" असे विचारले. मी त्यांना सप्ताहातल्या विण्याची आठवण दिली. त्या स्वतः माळकरी आहेत, त्यामुळे काही बोलल्या नाहीत आणि दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून गुरुवारची दुपार मागून घेतली. थोरल्या भावाला मी फोन न करता पाटीचा फोटो पाठवला, ज्यात सातही रात्रींपुढे माझेच नाव होते. तो शनिवारी आला. रात्री आईने त्याला ओळखले नाही, त्याला वडील समजून "दिंडी कुठवर आली?" असे विचारत राहिली. तो आधी "मी आहे गं" म्हणत होता, मग हळूहळू त्याने उत्तरे द्यायला सुरुवात केली: सासवड झाले, जेजुरी झाली, आता वाल्हे. मी शेजारच्या खोलीतून हे ऐकत होते आणि लोणंद यायच्या आत मला झोप लागली.

विणेकरी काका, सकाळी जाताना त्याने वाकून मला नमस्कार केला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, त्यामुळे मी त्याला अडवायला गेले, तेव्हा तो म्हणाला की पाटीखाली तूच लिहिले आहेस ना, पहारा बदलताना नमस्कार करावा म्हणून. दर शनिवारच्या रात्रीपुढे आता त्याचे नाव आहे. ते त्याने स्वतःच्या हाताने खडूने लिहिले आहे.